अमास्यात दोन दिवस: अनातोलियातले जुने गाव कसे पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुर्कस्तानचा दहा दिवसांचा बेत आखला आहे, इस्तंबूल आणि कॅपाडोशिया ठरले आहे, मधले दोन दिवस रिकामे आहेत. कुणीतरी अमास्याचे नाव सुचवले. तिथे दोन दिवस घालवण्याइतके आहे का, आणि काय कोणत्या क्रमाने पाहावे? दोघेही साठीच्या पुढचे, चालायची सवय आहे, पण गुडघ्यांची थोडी कुरकुर आहे.

मी गेली सतरा वर्षे मराठी माणसांचे छोटे गट घेऊन अनातोलियात फिरते आहे. त्या अनुभवावरून सांगते, जा. पण दोन रात्री राहणार असाल तरच जा. पहिल्या खेपेला मी स्वतःच्या गटाला इथे फक्त तीन तास दिले होते. बस थांबली, नदीकाठी फोटो झाले, जेवण झाले आणि आम्ही पुढे निघालो. संध्याकाळी एका काकांनी बसमध्ये विचारले, "त्या डोंगरात कोरलेली दारे कुणाची होती?" मी उत्तर दिले, पण ते उत्तर तिथे, त्या दारांसमोर उभे राहून द्यायला हवे होते ही टोचणी अजून आहे. तेव्हापासून अमास्याला मुक्काम केल्याशिवाय मी बेतच आखत नाही.

आधी गावाची ठेवण डोळ्यांसमोर आणा. काळ्या समुद्रावरच्या सामसुनपासून दक्षिणेकडे बसने दोनेक तासांवर डोंगरांमधली एक अरुंद दरी आहे. तिच्यातून येशिलइर्माक वाहते. नावाचा अर्थ हिरवी नदी. उत्तरेला हार्शेना डोंगराचा उभा कडा, त्याच्या माथ्यावर किल्ला, कड्याच्या छातीत राजांच्या थडग्यांची काळी दारे, पायथ्याशी नदीवर झुकलेली लाकडी घरे. दक्षिण काठावर मशिदी, मदरसे, बाजार. गाव एवढेच. दरी अरुंद असल्यामुळे पसरायला जागा नव्हती. म्हणून बावीसशे-तेवीसशे वर्षे प्रत्येक राजवटीने इथे आधीच्यांच्या खांद्याला खांदा लावूनच बांधले. हे एकदा कळले की नकाशाची फारशी गरज पडत नाही, नदी धरून चालले की सगळे सापडते.

या गावाचे पहिले वर्णन इथल्याच मुलाने लिहून ठेवले आहे. प्राचीन जगाचा भूगोल लिहिणारा स्ट्रॅबो इसवी सनापूर्वी ६४-६३ च्या सुमारास इथे जन्मला. त्याच्या ग्रंथाच्या बाराव्या खंडात आपल्या गावाबद्दलचा मजकूर आहे: खोल दरी, तिच्यातून वाहणारी आयरिस नदी, वर तटबंदी, तटाच्या आत राजवाडे आणि राजांची स्मारके, दोन पूल, आणि किल्ल्यावरून पाण्यापर्यंत खडकातून खोदत नेलेल्या वाटा. आयरिस म्हणजे आजची येशिलइर्माक. मी दर वेळी गटाला दक्षिण काठावर उभे करून हा उतारा मराठीत सांगते आणि मग समोर पाहायला लावते. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या चार ओळी आणि समोरचा डोंगर यांत आजही फरक पडलेला नाही. असा योग जगात फार थोड्या ठिकाणी येतो.

ती थडगी पाँटसच्या, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या जुन्या राज्याच्या राजांची. इसवी सनापूर्वी २८१ च्या सुमारास मिथ्रिडेटिस पहिला याने हे राज्य उभे केले, आणि पहिले शंभरेक वर्षे त्याची राजधानी इथे होती. नंतर फार्नाकेस पहिला याने किनाऱ्यावरचे सिनोपे जिंकले आणि राजधानी समुद्रावर गेली. थडगी पाहताना बहुतेक लोक दारापर्यंत चढतात, आत डोकावतात, रिकामी खोली दिसली की परत फिरतात. आत काही उरलेले नाही हे खरेच. पाहायची ती बाहेरची बाजू. पाथरवटांनी नुसती गुहा खोदलेली नाही. थडग्याच्या दोन्ही अंगांनी आणि मागून खडक कापून काढला आहे, म्हणजे थडगे डोंगरापासून सुटून स्वतंत्र इमारतीसारखे उभे राहते आणि त्याच्याभोवती फिरता येते. वेरूळचे कैलास ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली मेहनत सांगावी लागत नाही. कैलास कितीतरी मोठे आणि हजारेक वर्षांनी नंतरचे आहे, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण खडकातून बांधकाम 'सोडवून' घेण्याची ती रीत आपल्या डोळ्यांना ओळखीची आहे, आणि इथे मराठी माणूस इतरांपेक्षा जास्त वेळ थांबतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

गुडघ्यांसाठी सूचना: थडग्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि काही ठिकाणी दगड झिजून गुळगुळीत झाला आहे. सकाळी ऊन चढायच्या आत जा, रबरी तळव्याचे बूट घाला. पूर्ण चढायचेच असे नाही. पहिल्या टप्प्यापर्यंत गेलात तरी काम भागते. वरच्या किल्ल्यावर मात्र पायी जाऊ नका, मागच्या अंगाने रस्ता आहे, टॅक्सी करा. स्ट्रॅबोने सांगितलेल्या त्या खडकातल्या वाटांपैकी एक, पायऱ्यांचा बोगदा, किल्ल्यावर आहे. त्यात उतरण्याचा मोह टाळा, तोंडाशी उभे राहिले तरी कल्पना येते.

आता दक्षिण काठ. इथे माझा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो. तो सोयीचा पडतो, काळ मात्र मागेपुढे होतो.

सुरुवात गोक मेद्रेसेपासून. गोक म्हणजे आकाशी, निळा. सेल्जुक (उस्मान्यांआधीचे तुर्की राजघराणे) काळातला सुभेदार सेफेद्दिन तोरुमताय याने १२६६-६७ मध्ये ही वास्तू बांधली, आणि रस्त्यापलीकडे त्याचीच १२७८ सालची कबर आहे. नाव पडले ते मदरशाला लागून असलेल्या थडग्याच्या बुरुजावरच्या निळ्या झिलईच्या विटांमुळे. त्या आता तुकड्यातुकड्यांनीच शिल्लक आहेत. मान वर करून शोधाव्या लागतात, पण उन्हात एखादा तुकडा चमकला की पूर्ण बुरुज कसा दिसत असेल ते कळते. इथले कोरीव लाकडी दार जवळच्या वस्तुसंग्रहालयात ठेवले आहे. आधी रिकामी चौकट पाहा, मग संग्रहालयात जाऊन दार पाहा. त्याच संग्रहालयात चौदाव्या शतकातली, इलखानी मंगोल अंमलाखालच्या अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबातल्या लहान मुलांची जतन झालेली शवे आहेत. हे दालन पाहायचे की नाही हे प्रत्येकाने ठरवावे. लहान मुले बरोबर असतील तर मी तिकडे नेत नाही.

पुढे सुलतान दुसरा बायझिद याची मशीद आणि तिचा परिवार. साल १४८६. माझ्या मते अमास्याची खरी किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उस्मानी, म्हणजे ऑटोमन घराण्यात राजपुत्र वयात आला की त्याला कारभार शिकायला एखाद्या प्रांतावर पाठवत. बरोबर शिक्षक, वैद्य, कारकून, आईचाही मुक्काम तिथेच. अमास्या हे अशा शिक्षणाचे एक मोठे ठाणे होते. गावातले लोक आजही अभिमानाने त्याला शहजाद्यांचे शहर म्हणतात. दुसरा बायझिद गादीवर बसण्यापूर्वी पंचवीसेक वर्षे इथे होता. त्याचा मुलगा सेलिम, पुढे इजिप्त जिंकणारा, १४७० मध्ये इथेच जन्मला. बायझिदाला सुलेखन शिकवणारा शेख हमदुल्ला अमास्याचाच. शिष्य १४८१ मध्ये सुलतान झाला, तसा गुरूही इस्तंबूलला गेला आणि उस्मानी सुलेखनाची सारी परंपरा त्याच्या हाताने घडली. आपण इस्तंबूलला जाऊन जे पाहतो, त्यातल्या कितीतरी गोष्टींची तालीम आधी या दरीत झाली. तालीम हा शब्द मी मुद्दाम वापरते, तुर्कीतही 'तालिम' आहे आणि अर्थही सराव, शिकवण हाच.

हा परिवार बायझिदाच्या नावाने उभारला तो तेव्हा इथला सुभेदार असलेल्या त्याच्या मुलाने, शहजादा अहमदने. मधे दोन मोठ्या घुमटांची मशीद, एका बाजूला मदरसा, त्यात आता ग्रंथालय आहे. दुसऱ्या बाजूला 'इमारेत'. आपल्याला वाटते इमारत म्हणजे बांधकाम. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तोच, पण उस्मानी तुर्कीत तो अन्नछत्रापुरता उरला. विद्यार्थी, प्रवासी, गरीब यांना इथे शिजवलेले अन्न मिळे. अशा संस्थांचा खर्च वक्फातून चाले: दुकानांची भाडी, गिरण्यांचे आणि गावांचे उत्पन्न संस्थेला कायमचे लावून दिलेले असे. आपल्याकडे देवस्थानाला जमीन किंवा गाव इनाम असे, त्या धर्तीवर. म्हणून बाजारातला 'बेदेस्तेन' बघताना ते फक्त जुने दुकान-संकुल समजू नका. अशा बाजारांच्या भाड्यांवरच चुली पेटत आणि मुले शिकत. बेदेस्तेन हा शब्द बेझाझिस्तान म्हणजे कापडवाल्यांची जागा यावरून आला, आणि त्यातला 'बझ्झाझ' म्हणजे आपला बजाज.

अन्नछत्राच्या त्या खोल्यांत आता १९१४ सालच्या अमास्याची छोटी प्रतिकृती मांडली आहे. खेळण्यासारखी दिसते म्हणून पुष्कळजण ती वगळतात. वगळू नका. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, इथल्या आर्मेनियन रहिवाशांना घरेदारे सोडायला लावून हाकलण्यात आले, त्यातले बहुतेक परतले नाहीत. त्यानंतरची आगही आली, १९३९ चा मोठा भूकंपही आला. उत्तर अनातोलियाची भूकंपरेषा या प्रदेशातूनच जाते. त्यामुळे आज चालताना मधेच एखादा मोकळा तुकडा किंवा सिमेंटची चार मजली इमारत लागते, तिथे काय होते ते या प्रतिकृतीत शोधता येते. बाहेर अंगणात दोन प्रचंड चिनार आहेत, मशिदीच्याच वयाचे मानले जातात. त्यांच्या सावलीत अर्धा तास बसा.

पूर्वेकडे पुढे गेलात की बिमारहाने लागते. शब्द समजावायला नकोच, विदर्भात माणूस आजही 'बिमार' पडतो. हे रुग्णालय १३०८-०९ मध्ये बांधले गेले, इलखानी सुलतान ओल्जायतू याच्या पत्नीच्या नावाने. दाराच्या कोरीवकामापुढे दहा मिनिटे काढा, आणि कमानीच्या मधल्या दगडावरची गुडघे टेकून बसलेली छोटी मनुष्याकृती शोधा. मुसलमानी वास्तूवर माणसाचे शिल्प सहसा नसते, म्हणून ती पाहायचीच.

आतल्या संग्रहालयाचा नायक साबुंजुओलू शेरेफेद्दिन. १३८५ मध्ये अमास्यात जन्मला आणि या रुग्णालयात चौदा वर्षे वैद्य होता. १४६५ मध्ये, ऐंशीच्या वयात, त्याने शस्त्रक्रियेवरचा सचित्र ग्रंथ लिहून सुलतान दुसरा मेहमेद याला अर्पण केला. ग्रंथ अरबीत नाही, फारसीत नाही, तुर्कीत आहे. कारणही त्याने दिले आहे: इथले लोक तुर्की बोलतात, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी ज्यांना वाचता येते ते तुर्कीच वाचतात. ज्ञानेश्वरांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हा निर्णय किती मोठा होता ते लगेच समजते. चित्रांत रोगी कसा धरायचा, वैद्याने कुठे बसायचे, डाग कुठे द्यायचा हे दाखवले आहे, काही चित्रांत स्त्री-शल्यविशारदही आहेत. माझ्या गटात एक निवृत्त सर्जन बाई होत्या. बाकी सगळे चहाला गेले तरी त्या तासभर त्या अवजारांच्या प्रतिकृतींपुढून हलल्या नाहीत. तुमच्यापैकी कुणी वैद्यकीय क्षेत्रातले असेल तर इथला वेळ दुप्पट धरा.

मेहमेद पाशा मशीद (१४८६) संगमरवरी मिंबरसाठी, म्हणजे प्रवचनाच्या उंच आसनासाठी, आत जाऊन पाहा, आणि १४१४ च्या बायझिद पाशा मशिदीत निदान ओसरीत थांबा. तिथूनच कुंच पुलावरून उत्तर काठाला आलात की अष्टकोनी मदरसा दिसतो. १४८८ मध्ये तो हुसेन आगाने बांधला. हा बायझिदाच्या राजवाड्यातला कापी आगासी, म्हणजे अंतर्द्वाराचा मुख्य खोजा. बाजारातला बेदेस्तेनही त्याचाच. आठ बाजूंचे अंगण, भोवती घुमटांच्या खोल्या. मदरसा म्हणजे चौकोन, ही तोवरची समजूत इथे मोडली. साठेक वर्षांनी थोर वास्तुकार सिनान याने इस्तंबूलमध्ये रुस्तम पाशाच्या मदरशासाठी अष्टकोनी अंगण घेतले. अमास्याचा नमुना आधीचा. तिथे अजून धार्मिक शिक्षण चालते, त्यामुळे प्रत्येक वेळी आत सोडतीलच असे नाही. दारात नम्रपणे विचारा, नाही म्हटले तर बाहेरून पाहा.

परतीची वाट उत्तर काठाने, हातुनिये मोहल्ल्यातून. नदीकडे झुकलेली ती प्रसिद्ध घरे इथली. खाली जुन्या तटाचा दगडी पाया, त्यावर लाकडी सांगाडा, मधे मातीच्या विटा, वरून चुना. वरचा मजला तिरप्या लाकडी आधारांवर नदीकडे पुढे काढलेला. हाझेरानलार नावाच्या हवेलीत आता संग्रहालय आहे, ती एका महसूल अधिकाऱ्याने बहिणीच्या नावाने बांधली. आत गेल्यावर खोल्या मधल्या 'सोफा'भोवती, म्हणजे मोठ्या दालनाभोवती, मांडलेल्या दिसतील, आणि पुण्या-साताऱ्याच्या वाड्यातला सोपा आणि माजघर आठवल्याशिवाय राहणार नाही. ही घरे बरीच दुरुस्त केलेली आहेत, काही तर नव्याने उभारलेली. म्हणून नदीकडच्या देखण्या बाजूवर समाधान मानू नका, मागच्या गल्लीत शिरा. तिथे न रंगवलेल्या भिंती, वाकलेल्या तुळया आणि दारात बसून भाजी निवडणाऱ्या बायका भेटतात.

संध्याकाळी नदीकाठी बसाल तेव्हा एक गोष्ट आठवा. उस्मानी सुलतान सुलेमानचा मुलगा मुस्तफा १५४१ पासून इथे सुभेदार होता. सैन्याचा लाडका, पुढचा सुलतान हाच असे सगळे धरून चालले होते. ऑक्टोबर १५५३ मध्ये एरेलीजवळच्या छावणीत बापाच्या तंबूत त्याला बोलावले गेले आणि तिथेच गळा आवळून मारले. पुढच्याच वर्षी इराणच्या मोहिमेवरून परतताना सुलेमानने हिवाळा घालवला तो अमास्यात, मुलाच्या गावात. १५५५ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग दरबाराचा वकील बुस्बेक त्याला इथे भेटायला आला. हजारो सैनिक पुतळ्यांसारखे निश्चल उभे होते, कुठे शब्द नव्हता, असे त्याने पत्रात लिहिले आहे. २९ मे १५५५ रोजी इराणचा शाह तहमास्प याच्याशी इथेच तह झाला. हा तोच तहमास्प, ज्याने परागंदा हुमायूनला आसरा दिला होता. अमास्याच्या तहानंतर दोन महिन्यांच्या आत हुमायूनने दिल्ली परत घेतली. आपल्या शाळेतल्या इतिहासाचे आणि या नदीचे टोक असे एकमेकांना लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरायदुझु बराकीत जा. वास्तू नव्याने बांधलेली आहे, पण प्रसंग अस्सल आहे. १९ मे १९१९ रोजी सामसुनला उतरलेला मुस्तफा केमाल, म्हणजे पुढचा अतातुर्क, १२ जूनला अमास्यात आला, आणि २२ जूनला इथून देशभर परिपत्रक गेले: राष्ट्राचे स्वातंत्र्य राष्ट्राचाच निर्धार आणि निर्णय वाचवेल. सुलतानाच्या नव्हे, राष्ट्राच्या. ज्या गावात सुलतान घडवले जात, त्याच गावातून हे वाक्य निघाले. मला ही जागा म्हणूनच कायम हलवून जाते.

मग दुपारी टॅक्सीने दोन ठिकाणे करा. गावाबाहेर काही किलोमीटरवर आयनाली माआरा, म्हणजे आरशाची गुहा. घासून गुळगुळीत केलेल्या दर्शनी भागावर ऊन पडले की तो उजळतो, वर ग्रीक अक्षरांत मुख्य पुजाऱ्याचा उल्लेख आहे, आत नंतरच्या बायझंटाइन काळातली पुसट भित्तिचित्रे. दुसरे, फरहादचा कालवा. डोंगराच्या कडेने खडकात खोदलेला हा रोमन काळातला पाट. लोक मात्र सांगतात की शिरीनसाठी फरहादने तो खोदला. अभियंत्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही, प्रियकराचे सगळ्यांना, आणि गावकऱ्याने गोष्ट सांगायला घेतली तर त्याला अडवू नका.

जेवणाचे सांगते, कारण शाकाहारी मंडळी तेच आधी विचारतात. इथली प्रसिद्ध बाकला दोलमासी, म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेले बाकळ्याचे दाणे, दिसायला शाकाहारी पण बहुधा मांसाबरोबर शिजवलेली. तोयगा हे दही, गहू आणि हरभऱ्यांचे पुदिना घातलेले सूप छान, तरी 'एत सुयु वार मी?', मांसाचे पाणी आहे का, एवढे विचाराच. खसखस आणि अक्रोड घातलेला अमास्याचा चोरेक हा पाव सकाळी भट्टीतून गरम घ्या, त्याला कुणाची हरकत नसावी.

मशिदीत जाताना बाईंनी ओढणी जवळ ठेवावी, शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ सोडावी. संग्रहालये सोमवारी बंद असू शकतात, हॉटेलात आदल्या रात्री चौकशी करा. पोहोचायला सर्वांत सोपे म्हणजे इस्तंबूलहून मेर्झिफोनला विमान आणि तिथून पाऊण तासाचा रस्ता. रात्रभराची बस साठीनंतर मी सुचवत नाही.

महिना तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर निवडा. तेव्हा उन्हाचा ताप नसतो, दरीतली झाडे पिवळी पडलेली असतात, आणि बाजारात मिसकेत सफरचंदे आलेली असतात, लहान, एका गालावर लाल, वासाला इतकी तेज की खोलीत दोन ठेवली तरी सकाळी जाग त्या वासाने येते.